नोकरदाराचे मत आणि त्याचे मौन

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी एक शासन निर्णय प्रसृत करून आपल्या सेवकांनी समाजमाध्यमांवर कोणती पथ्ये पाळावीत हे सविस्तर सांगितले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती निरनिराळी ठेवावीत. पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत यांचे प्रदर्शन स्वतःच्या चित्रफितींत करू नये. गोपनीय कागदपत्रे परस्पर पुढे पाठवू नयेत. आणि राज्य शासनाच्या किंवा देशातील अन्य कोणत्याही शासनाच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, असा त्याचा एकूण आशय आहे. शासकीय योजनांच्या यशाविषयी लिहिण्यास मात्र मोकळीक आहे. त्यात आत्मस्तुती नसली म्हणजे झाले. हा निर्णय केवळ मंत्रालयातील किंवा जिल्हाधिकारी कचेरीतील कायम नोकरांपुरता नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळे, महामंडळे, सार्वजनिक उपक्रम यांतील कर्मचारी, प्रतिनियुक्तीवर आलेले, कंत्राटी पद्धतीने घेतलेले, इतकेच काय, बाह्य संस्थेमार्फत नेमलेले कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात. जालन्यासारख्या जिल्ह्यात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या पगारदार वर्गाचा बराच मोठा भाग त्यामुळे या निर्णयाखाली आला.

यातील बहुतेक पथ्ये शहाणपणाची आहेत, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. तहसीलदाराच्या गाडीच्या टपावर बसून काढलेली चित्रफीत कोणाही सुजाण नागरिकाला आवडणार नाही. परंतु स्तुतीला मुभा आणि टीकेला बंदी अशी जी विषम वाटणी या निर्णयाने केली आहे, तिचा विचार व्हावयास हवा होता. धोरण उत्तम आहे असे म्हणणे हेही राजकीय मतच असते. ते मत मांडणारा तटस्थ आणि त्याच धोरणातील उणीव दाखविणारा तेवढा राजकारणी, हे तर्कशास्त्र कोणत्या पुस्तकात सापडेल हे सांगणे कठीण आहे. आश्चर्य एवढेच की, या निर्णयावर ज्यांनी बोलावयाचे तेच त्याच निर्णयाने बांधले गेल्यामुळे त्याची चर्चा कार्यालयांत न होता कार्यालयांबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाली, आणि तीही अर्धा कप संपेपर्यंतच.

या निर्णयाचे मूळ महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ यांत आहे. शासकीय सेवकाने राजकीय पक्षाचा सभासद होऊ नये, राजकीय चळवळीला वर्गणी देऊ नये, निवडणुकीत प्रचार करू नये, असे ते नियम सांगतात. मतदानाचा हक्क त्याला आहे. मात्र आपण कोणाला मत देणार किंवा दिले याची सूचनाही त्याने कोठे करावयाची नाही. त्याहून मागे जावयाचे तर इंग्रजी अमदानीत जावे लागते. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या परिपत्रकाने विद्यार्थी आणि शिक्षक यांना राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्याचा खटाटोप केला होता. वंगभंगाच्या चळवळीने हादरलेल्या परकी सरकारची ती गरज होती. स्वराज्यातील सरकारची गरज निराळी असावयास हवी, आणि काही अंशी ती तशी आहेही.

लोकशाहीत नोकरशाही तटस्थ का असावी, याचे उत्तर ज्यांना हवे असेल त्यांनी १२ जून १९७५ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आठवावा. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रद्द ठरविली, ती दोन कारणांवरून. पंतप्रधानांच्या सचिवालयातील विशेष कार्य अधिकारी यशपाल कपूर यांचे प्रचारातील साह्य हे एक कारण, आणि व्यासपीठे उभारण्यासाठी उत्तर प्रदेशातील शासकीय अधिकाऱ्यांचे घेतलेले साह्य हे दुसरे. कपूर यांची नोकरी १४ जानेवारी १९७१ रोजी संपली की २५ जानेवारीला, या अकरा दिवसांच्या प्रश्नाला त्या खटल्यात केवढे महत्त्व आले होते! पुढे कायदा बदलला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निकाल फिरविला, हे सर्व खरे. पण शासकीय सेवकाचे हात सत्ताधाऱ्याच्या प्रचाराला लागता कामा नयेत, या तत्त्वाची किंमत त्या एका प्रसंगाने देशाला कळली. या नियमाचा रोख कोणाकडे आहे हेही त्यावरून ध्यानात येते. तो नोकराचे तोंड बंद करण्यासाठी नसून सत्ताधाऱ्याने नोकराला वापरू नये यासाठी आहे. पन्नास वर्षांत या नियमाचे टोक हळूहळू उलटे फिरले, असे माझे मत आहे.

मराठवाड्याच्या माणसाला या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ने परवानगीवाचून सभा घेणे अशक्य करून ठेवले होते. अशा राज्यात राजकीय विचार वाढला तो शाळांच्या आश्रयाने. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते. तेथून ते हैदराबाद संस्थानाच्या लढ्यात उतरले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली भरले ते परतूरला, म्हणजे आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या गावी. पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, ते लोण उस्मानिया विद्यापीठात पोहोचले आणि काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तिकडे खानदेशात साने गुरुजींनी १९३० मध्ये अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून कायदेभंगात उडी घेतली. या सर्वांनी नोकरी आणि राजकारण यांपैकी एकाची निवड केली, म्हणून त्यांच्या उदाहरणांनी आजचा प्रश्न सुटत नाही. परंतु आपल्याकडील शिक्षकाच्या प्रतिष्ठेत त्याच्या राजकीय मताचा वाटा किती मोठा होता, हे मात्र त्यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर निवड करण्याची ती सक्ती निदान शिक्षकापुरती उरली नाही. नांदेडचे पीपल्स कॉलेज हे स्वामीजींच्याच पुढाकाराने निघालेले. तेथे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य असलेले नरहर कुरुंदकर १९८२ साली व्याख्यानाच्या व्यासपीठावरच गेले, तोवर गावोगाव धर्मनिरपेक्षतेवर, लोकशाहीवर, मार्क्सवादावर आणि हैदराबादच्या प्रश्नावर बोलत राहिले. त्यांची मते सर्वांना पटत होती असे मुळीच नाही. परंतु महाविद्यालयाच्या प्राचार्याने राजकारणावर बोलू नये, असे त्यांच्या विरोधकांनाही सुचले नाही. आज एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाने गावच्या व्याख्यानमालेत तेवढ्या मोकळेपणाने बोलावयाचे ठरविले, तर त्याचे हितचिंतक सर्वप्रथम त्याला गप्प बसण्याचा सल्ला देतील. कायदा तोच आहे. हवा बदलली आहे.

कायद्याचे म्हणावे तर न्यायालये नियमांपेक्षा उदार राहिली आहेत. कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली स्पष्ट केले की, शासकीय सेवेत शिरताना मनुष्य मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. बिहारच्या नियमातील निदर्शनांवरील सरसकट बंदी न्यायालयाने तेव्हा रद्द केली, संपावरील मात्र राखली. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे मत्स्यव्यवसाय खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. ती एका राजकीय सभेला हजर होती आणि समाजमाध्यमावर तिने काही मजकूर लिहिला होता, एवढ्यावरून निवृत्तीला चार दिवस उरले असताना तिला निलंबित करण्यात आले होते. सभेला उपस्थित राहणे म्हणजे राजकारणात भाग घेणे नव्हे आणि शासकीय सेवकालाही स्वतःची मते बाळगण्याचा व नियमांच्या मर्यादेत ती मांडण्याचा अधिकार आहे, असे सांगून न्यायालयाने ती चौकशी रद्द केली. निकाल चांगलाच आहे. परंतु सामान्य कारकून उच्च न्यायालयाचा निकाल वाचून नव्हे, तर शेजारच्या टेबलावरील माणसाची बदली कोठे झाली हे पाहून आपले वर्तन ठरवितो.

आपल्या व्यवस्थेतील विसंगतीही मोठ्या मौजेच्या आहेत. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने विधान परिषदेतील एकद्वादशांश जागा माध्यमिक आणि त्यावरील शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या ठेवल्या आहेत; महाराष्ट्रातील ७८ जागांपैकी अशा ७ आहेत. म्हणजे शिक्षक म्हणून तुमचे राजकीय मत आम्हांला हवे आहे, असे घटना सांगते. प्राथमिक शिक्षक त्यांतून वगळले गेले, तो अन्याय निराळा. तेव्हा शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाने शिक्षकांचा आमदार निवडावा, पण कोणाला निवडले हे सहकाऱ्याला सांगू नये. त्याच्या शेजारी खासगी अनुदानित महाविद्यालयात तेवढेच वेतन त्याच तिजोरीतून घेणाऱ्या प्राध्यापकाने मात्र स्वतः उमेदवार व्हावे. दोघेही एकाच विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम शिकवितात.

मागणी कोणती आर्थिक आणि कोणती राजकीय, ही रेषा तर सरकारी नोकरीत ओढताच येत नाही. १९७७ च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा जो संप सुरू झाला तो ५४ दिवस चालला, र. ग. कर्णिकांचे नाव त्यामुळे घरोघरी पोहोचले. मागणी महागाई भत्त्याची, पण तिचा धक्का मंत्रिमंडळाला. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या मास्तरांच्या म्हातारपणाचा प्रश्न हा निवडणुकीचा प्रश्न बनला. ज्याचा मालक सरकार आहे, त्याने मालकाच्या धोरणाविषयी बोलावयाचे नाही असे ठरविले, तर त्याने आपल्या पगाराविषयीही बोलावयाचे नाही असे होईल. अंशदायी निवृत्तिवेतन योजना फसवी आहे, हे विधान कोणत्या सदरात घालावयाचे? ती ‘शासकीय धोरणावरील प्रतिकूल टीका’ निश्चितच आहे.

परंतु आपल्या भागातील खरे दुखणे बोलण्याच्या बंदीचे आहे, असे मला वाटत नाही. ते बोलण्याच्या सक्तीचे आहे.

मराठवाड्यातील बहुसंख्य माध्यमिक शाळा आणि महाविद्यालये खासगी संस्थांची आहेत आणि त्या संस्थांपैकी कितीतरी राजकारणी मंडळींच्या ताब्यात आहेत, हे सांगण्यास संशोधनाची आवश्यकता नाही. निवडणूक जाहीर झाली की अशा संस्थांतील शिक्षकांना, लिपिकांना, शिपायांना गावे वाटून दिली जातात. कोणी प्रचारपत्रके वाटतो, कोणी सभेसाठी माणसे जमवितो, कोणी मतदारयाद्यांवर खुणा करीत बसतो. अर्ज सुट्टीचा असतो, किंवा तोही नसतो. नकार देणाऱ्याला कोणी शिक्षा करीत नाही. फक्त त्याचा वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव टेबलावर राहतो, संस्थेच्या दूरच्या शाखेत एक जागा रिकामी होते, आणि तो तासिका तत्त्वावर काम करणारा असेल तर पुढील जूनमध्ये त्याची गरज उरत नाही. या प्रकाराला आपल्याकडे कोणी ‘कामाच्या ठिकाणचे राजकारण’ म्हणतदेखील नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. संस्थाचालक राजकीय मत व्यक्त करतो आणि कर्मचारी ते पार पाडतो.

भाषणस्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळमधील तीन शाळकरी मुलांच्या प्रकरणात मान्य केले. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ज्या देशात राष्ट्रगीत गाण्याचीही सक्ती करता येत नाही, त्या देशात एखाद्या उमेदवाराच्या नावाने घोषणा देण्याची सक्ती होते आणि ती करणाऱ्याला कोणतीही आचारसंहिता गाठत नाही. वेतन शासन देते, सेवाशर्तींसाठी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आहे, १९८१ ची नियमावली आहे. कर्मचाऱ्याने काय करू नये याची त्यांत वानवा नाही. संस्थाचालकाने कर्मचाऱ्याकडून काय करवून घेऊ नये, या बाबतीत व्यवहारात सारा आनंद आहे.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक जुनी गोष्ट आठवते. करार करणाऱ्या दोन पक्षांचे बळ असमान असेल, तर करारात न लिहिलेल्या अटी बलवान पक्ष ठरवितो. मतस्वातंत्र्य हे घटनेत लिहिलेले असले तरी नोकरदाराला ते प्रत्यक्षात मिळते ते सेवेच्या शाश्वतीतून. कायम झालेला प्राध्यापक बोलतो, शिक्षणसेवक ऐकतो, तासिकेवरचा हसतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत ठेकेदारामार्फत आलेला परप्रांतीय मजूर तर या चर्चेत येतच नाही. त्याचे मत बहुधा त्याच्या गावच्या यादीत असते आणि येथे त्याला विचारणारा कोणी नसतो. घटनेतील भाषणस्वातंत्र्य सरकारविरुद्ध मागता येते, खासगी मालकाविरुद्ध ते मागणे व्यवहारात कठीणच. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार कायद्याने संघटना केल्याबद्दल कामगाराला काढणे ही अनुचित प्रथा ठरविली, परंतु मताबद्दल काढलेल्याला तेवढा आधार कोणी दिला नाही. शासनाने स्वतः कंत्राटी पद्धत स्वीकारल्यावर खासगी मालकाचे हे सामर्थ्य आता शासनाच्याही हाती आले आहे. कंत्राटी नोकराला विशेष चौकशी न करता, केवळ मुदत न वाढवून, गप्प करता येते; मग त्याच्यासाठी नियमावलीची आवश्यकता काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

इंग्लंडने या प्रश्नाचा विचार करताना वेगळी वाट धरली. १९४९ साली मास्टरमन समितीने सरकारी नोकरांचे वर्ग पाडले. धोरणाशी ज्यांचा संबंध येतो त्या वरिष्ठांवर राजकारणात भाग घेण्याची बंदी असावी आणि कारखान्यांतील व तत्सम खालच्या श्रेणींतील नोकरांना मोकळीक असावी, असे तिचे सूत्र होते. पुढे दोहोंच्या मध्ये तिसरा वर्गही आला. अमेरिकेत १९६८ च्या पिकरिंग खटल्यात असे झाले की, शाळेच्या पैशाची विल्हेवाट मंडळ नीट लावत नाही, कर वाढवून मागते आणि खेळांवर खर्च करते, असे पत्र एका शिक्षकाने स्थानिक वृत्तपत्रात लिहिले. मंडळाने त्याला काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. शाळेचा पैसा कसा खर्च होतो हे शिक्षकाला नाही कळणार तर कोणाला, असा त्या निकालाचा साधा आशय होता. आपल्याकडे मात्र सचिव आणि शिपाई यांना एकच मोजमाप. जणू रोजंदारीवरील पंपचालकाने सरकारच्या पाणीपुरवठा योजनेला नावे ठेवली तर राज्ययंत्रणेची तटस्थता धोक्यात येणार आहे!

तरीही मास्टरमन समितीची वाटणी जशीच्या तशी येथे आणावी असे मी म्हणणार नाही, आणि याचे कारण आपल्या जिल्ह्यातच घडले आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्यभर पेटला. पुढील वर्षी त्याच तालुक्यातील वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके यांनी ओबीसींच्या बाजूने उपोषण केले. या दोन गावांमधील अंतर थोडेच आहे. कार्यालयांतील टेबलांमधील अंतर मात्र त्या काळात फार वाढले. शाळांच्या शिक्षकदालनांत मधल्या सुट्टीत एकत्र उघडणारे डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडू लागले. आडनाव कळले की मत कळले, असे गृहीत धरले जाऊ लागले. आणि ज्याचे मत आडनावाशी जुळत नव्हते त्याची पंचाईत दोन्हीकडून झाली. १९७८ नंतर विद्यापीठ नामांतराच्या काळात जे मराठवाड्याने अनुभवले, त्याचीच ही निराळ्या बाजूंनी झालेली आवृत्ती होती.

याच कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी घरोघर पाठविण्यात आले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक लोकांच्या ओसरीवर बसून जात, जमीन, शिक्षण, नोकरी यांचे प्रश्न विचारीत होते. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या निर्णयाने कुणबी प्रमाणपत्राच्या अर्जांची गावपातळीवरील चौकशी ग्राममहसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या समितीकडे सोपविली. पदांच्या उतरंडीत हे तिघे खाली आहेत; पण एखाद्या कुटुंबाच्या पुढच्या पिढीचे भवितव्य त्यांच्या अहवालातील चार ओळींवर अवलंबून राहू शकते. ज्याने काल रात्री आरक्षणाच्या बाजूने किंवा विरुद्ध कडवट मजकूर सर्वांना पाठविला, त्याच्यापुढे आज सकाळी अर्ज घेऊन उभे राहणाऱ्याला काय वाटेल? येथे संयमाचा नियम हवाच, आणि कडक हवा.

तेव्हा पद लहान की मोठे हा निकष पुरेसा नाही. ऐकणाऱ्याला भीती न बाळगता उत्तर देता येते काय, हा निकष धरावा. मॅक्स वेबरने १९१७ साली म्युनिचच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात प्राध्यापकाने व्यासपीठावरून राजकीय उपदेश करू नये असे सांगितले, ते याच कारणासाठी. वर्गातील विद्यार्थ्याला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते आणि परीक्षेचे गुण बोलणाऱ्याच्या हातात असतात. चौकातील सभेतून उठून जाता येते, वर्गातून नाही. आता अर्थसंकल्प शिकविताना वित्तीय तूट, ‘लाडकी बहीण’ योजनेवरील खर्च, वस्तू व सेवा कर यांवर काही न बोलता तास घेणे अशक्य आहे, आणि ज्याने तो तसा घेतला त्याने अर्थशास्त्र शिकविले असे म्हणता येणार नाही. परंतु योजनेचे पैसे कोठून येतात हे फळ्यावर मांडणे आणि मत कोणाला द्यावे हे सुचविणे यांतील फरक मागच्या बाकावरच्या मुलालाही बरोबर कळतो. बहुधा आपल्यापेक्षा लवकर कळतो.

या निकषाने पाहिले तर टपरीवर दोन कारकुनांनी घातलेला वाद निर्धोक ठरतो, लेखा विभागातील लिपिकाने वृत्तपत्राला लिहिलेले पत्र निर्धोक ठरते, अर्जदारापुढे बसलेल्या अधिकाऱ्याचे मत जोखमीचे ठरते आणि कर्मचाऱ्यांच्या सभेत संस्थेच्या अध्यक्षांनी व्यक्त केलेले मत सर्वांत जोखमीचे ठरते. आजच्या नियमांचा क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे.

सरसकट मौनाची किंमत शेवटी शासनालाच मोजावी लागते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात दाखविले की, बिघडत चाललेल्या संस्थेला आपला बिघाड दोन मार्गांनी समजतो: माणसे सोडून जातात किंवा आवाज उठवितात. नायजेरियाची रेल्वे का सुधारत नाही या प्रश्नावरून त्याला ते सुचले होते. सरकारी नोकर सोडून जात नाही, कारण बाहेर नोकरी नाही. आवाज उठवीत नाही, कारण नियम आहे. मग बिघाड कळावयाचा कसा? चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळातील दुष्काळात भयभीत स्थानिक अधिकारी धान्याचे फुगविलेले आकडे वर पाठवीत राहिले आणि कोट्यवधी माणसे मेली. आपल्याकडे वृत्तपत्रे आहेत, निवडणुका आहेत, म्हणून ते टोक येथे गाठले जाणार नाही. पण लहान प्रमाणात तोच रोग दिसतो. २०२५ मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाचा गैरव्यवहार उघडकीस आला, महसूल कर्मचारी निलंबित झाले. बोगस नावे याद्यांत शिरत असताना त्या कचेऱ्यांतील कोणालाच काही दिसले नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. गैरव्यवहाराविरुद्ध बोलण्यास वर्तणूक नियमांची आडकाठी नाही, असे कोणी म्हणेल. कागदावर ते बरोबरही आहे. परंतु धोरणाविषयी बोलू नये हे ज्याला वीस वर्षे शिकविले, त्याच्याकडून एकविसाव्या वर्षी यादीविषयी बोलण्याची अपेक्षा कशी करावयाची?

यावर एक आक्षेप असा येतो की, मोकळीक दिली तर कचेऱ्या सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन तटांत विभागल्या जातील आणि कामे होणार नाहीत. तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंतरवालीनंतरचा आपला अनुभव ताजा आहे. पण ते तट मते मोकळेपणी बोलली गेल्यामुळे पडले नव्हते. मते न बोलताच गृहीत धरली गेली, म्हणून ते पडले. जो सहकारी आपल्यासमोर बसून आपल्याविरुद्ध मत मांडतो, त्याच्याशी भांडता येते आणि दुसऱ्या दिवशी चहाही घेता येतो. ज्याच्याविषयी फक्त संशय आहे त्याच्याशी यांतले काहीच करता येत नाही. शिवाय तटस्थतेची व्याख्या शासनही वेळोवेळी बदलीत आले आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यक्रमांत भाग घेण्यास केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६६ पासून असलेली मनाई ९ जुलै २०२४ रोजी उठविली गेली. ती योग्य होती की अयोग्य, हा वाद येथे नको. ५८ वर्षे जे तटस्थतेला बाधक होते ते एका परिपत्रकाने बाधक राहिले नाही, एवढी नोंद पुरे.

मागणी फार मोठी नाही. २८ जुलैच्या निर्णयातील टीकेवरील बंदी ज्यांच्या हातात अर्ज, परवाने, नेमणुका, गुण आणि चौकश्या आहेत त्यांच्यापुरती, आणि तीही त्यांच्या कामाच्या विषयापुरती, मर्यादित करता येईल. स्तुतीलाही तीच मर्यादा लावावी. दुसरे असे की, वेतन अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्याला निवडणुकीच्या कोणत्याही कामाला, निवडणूक आयोगाच्या कामाखेरीज, जुंपणार नाही असे लिहून द्यावे आणि तसे केल्याचे सिद्ध झाल्यास अनुदानाचा हप्ता अडावा. तक्रार करणाऱ्या तासिकेवरील अध्यापकाची पुढील वर्षाची नेमणूक, चौकशी पुरी होईपर्यंत, संस्थेच्या मर्जीवर ठेवू नये. पहिल्या दुरुस्तीसाठी विधिमंडळाचे अधिवेशनही लागत नाही. ज्या विभागाने तो शासन निर्णय काढला, त्याच विभागाला एक शुद्धिपत्रक काढून ती करता येते.